दारावरच्या टिकल्या

आमच्या गावची द्राक्षं जिथून पेट्यांत भरून परदेशी जातात, त्या शेडच्या दाराच्या चौकटीवर मला टिकल्यांची रांग दिसली. पेटीत काही पडायला नको, म्हणून आत टिकली-बांगडी चालत नाही. कामावर नवी आलेली एक सून दारातच थबकली.

“मोकळ्या कपाळानं कसं बसायचं, काकू?”

“दाराला लाव. जाताना घे,” पेट्या भरणाऱ्या कुसुमकाकू म्हणाल्या.

घड तोलायचा काटा परदेशातून आलेला, तपासणीचे नियमही तिकडचेच. इकडून द्राक्षं जातात. दोन देशांमधली देवघेव एवढ्यात मावते का? तिकडे घड धुणाऱ्या बाईला ही चौकट कधी कळेल का?

संध्याकाळी कंटेनर बंदराकडे निघाला. सुनेनं दारावरची आपली टिकली काढून कपाळाला लावली, पण टिकलीला आता चिकटपणा उरला नव्हता. मग ती टिकलीवर बोट दाबूनच घरापर्यंत चालत गेली.