खांदमळणीच्या दिवशी तळ्यावर

सोलापूर सोडलं तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. तळ्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायला निघालो की सुमन, माझी बायको, ते ठेवायचा थंड डबा मांडीवर घेऊन तिथं बसायची. चैत्रात ती गेली. मी डबा सीटवर ठेवला, पट्टा लावला नि निघालो.

बेंबळीच्या अलीकडं आत वळलं की सोयाबीनच्या पलीकडं तळं दिसतं. रंग कालवल्यासारखं हिरवं झालं होतं. त्या दिवशी खांदमळणी होती (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात). त्याआधी बैल तळ्यात धुवायचे, ही गावची रीत. पण नुकतीच तळ्याच्या घाटावर पाणी प्यायलेली, गावातल्या बाबूरावांची गाय दगावली होती. बैल पाण्यात घालायचे की नाही, हे मला सांगायचं होतं.

बाबूरावांनी अंगणातच पितळी कळशी पुढं केली.

"तुमचं पाणी काढून ठिवलंय. धोतरातून तीनदा गाळलंय."

"अहो, मला त्यातलं हिरवंच हवं होतं."

"पाव्हण्याला घाण पाणी कसं द्यावं?"

"म्या म्हनलं हुतं, आधी इचारा," सोनाबाई, त्यांच्या पत्नी, चुलीपासून म्हणाल्या. "पर ह्यांचं शानपन लई."

मग घाटावर जाऊन मी ताजं पाणी घेतलं. शेवाळ जाळीवर धरून लगेच औषधात बुडवलं. उशीर झाला तर त्यातल्या खुणा विरून जातात.

"आखाडात याहून हिरवं हुतं," बाबूराव म्हणाले. "तवा तुमीच म्हनला, जाऊ द्या बैलं."

"हिरवं म्हणजे विष असंच नाही. विष करायची कृती शेवाळाच्या पेशीत, जनुकात लिहिलेली असते. ती तेव्हा बंद होती. आत्ता चालू आहे का, ते बघायचं."

"म्हंजी चूल पेटलीय का, ते."

"तेच."

गाडीतल्या यंत्रानं दुपार घेतली. पडद्यावरची रेघ चढत गेली, तेव्हा मी परत एकदा करून पाहिलं. पुन्हा चढली.

"पेटलीय. बैल घालू नका. पाजूही नका, मी परत तपासेपर्यंत."

"बापजाद्यापासनं हितंच धुतो," बाबूराव म्हणाले, आणि त्यांनी कासरा बोअरकडं वळवला. मागची बैलं त्यांच्या मागं गेली.

संध्याकाळी तांबड्या बैलाचा खांदा चोळून ते त्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण (आमंत्रण) घ्या, उद्या जेवायला या." मग माझ्याकडं वळले. "तुमी बी."

"आमच्याकडं यंदा सण नाही, बाबूराव."

"ठावं हाय. बैलास्नी सुतक नसतंय. त्यांच्या पंगतीला बसा."

मी राहिलो. दुसऱ्या दिवशी तांबड्यानं पुरणपोळी खाल्ली, मग मी.

निघताना सोनाबाई बांधलेल्या पोळ्या थंड डब्यात ठेवू लागल्या. विषाशेजारी अन्न नको, म्हणून मी त्यांना थांबवलं. डबा मागं गेला, पोळ्यांचं गाठोडं सुमनच्या सीटवर आलं.

सोलापूरपर्यंत गाडीत तुपाचा वास होता. घरी आल्यावर सवयीनं दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं, आणि दुसऱ्यात पोळी वाढून घेतली.