माइक बंद असताना

यंत्रमागावर काम करणाऱ्या बाया कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. शेडमध्ये माग सुरू झाले की शेजारणीने कानाशी येऊन बोंब मारली तरी कळत नाही. ओठ बघितले की कळतं. या गोष्टीतल्या आईचं आयुष्य त्यातच गेलं. कान निम्मे कामातून गेले, त्याचा तिने बाऊ केला नाही. मुकादम शिव्या देऊ लागला की ती मान फिरवायची. तिच्यापुरत्या त्या दिल्याच गेल्या नाहीत.

घरी लेकही समोर येऊन, तोंड उघडून बोलायची. लहानपणी आईबरोबर शेडमध्ये जाता जाता तीही ओठ वाचायला शिकली. कॉलेजात ती पहिली आली आणि एका मोठ्या फेलोशिपसाठी तिने अर्ज केला. विषय होता मागांचा आवाज कमी कसा करायचा. मिळाली तर पुढे संशोधन, नाहीतर शिकवण्यांना जुंपायचं, हे दोघींना ठाऊक होतं.

आईने अर्जाआधीच विचारलं होतं, "शेडमध्ये येऊन आवाज मोजलास का?"

"आई, आकडे पुस्तकांत आहेत."

"पुस्तकातल्या मागावर कापड निघतं का गं?"

"परीक्षा चालू आहेत माझ्या!"

आईने विषय सोडला. पटलं मात्र नव्हतं.

मुलाखत घरूनच झाली, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. आई कॉटच्या कडेला बसली होती. पडदा तिला दिसत होता, ती कुणाला दिसत नव्हती. पोरगी झकास बोलली. मग समोरचे म्हणाले, आम्ही जरा आपसात बोलतो. त्यांनी माइक बंद केला. चेहरे तसेच राहिले.

मधल्या चष्मेवाल्या मॅडमचे ओठ आईने टिपले. "हुशार आहे. पण शेडमध्ये जाऊन हिने काही मोजलंय का? आकडे सगळे उसने."

"विचारायचं का?" शेजारचे टकले सर म्हणाले.

"नको. वेळ संपली."

आईने लेकीकडे पाहिलं. लेकीचे कान लाल झालेले. म्हणजे तिनेही वाचलं होतं. आईने आवाज न करता ओठांनीच खूण केली: मोजलंय म्हण, ठोकून दे.

माइक सुरू झाला. "आणखी काही सांगायचंय?" मॅडमनी रीतीपुरतं विचारलं.

"मॅडम, माइक बंद होता तरी तुमचं बोलणं मला कळलं," पोरगी म्हणाली. "माझी आई मागावर आहे. आम्हाला ओठ वाचता येतात. आकडे उसनेच आहेत. शेडमध्ये लहानपणापासून जाते, पण मोजायला एकदाही गेले नाही. आई सांगत होती. मी टाळलं."

आईने कपाळावर हात मारला. सगळं मुसळ केरात.

टकल्या सरांनी घाईने तोंडावर हात धरला, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. "निवड महिनाअखेरीला आहे. तोवर स्वतः मोजून पाठवा. शब्द देत नाही."

पडदा बंद झाल्यावर आई कडाडली, "माझी खूण दिसली नाही का?"

"दिसली. मोजायला धाडणारी आई वेगळी आणि खूण करणारी वेगळी, असं कसं गं?"

"पोटच्या पोरीचं आलं की घसरतं माणूस," आई पुटपुटली. "सकाळी चल पाळीला. आणि डबा तुझा तू भरायचा."

पोरगी रोज जाऊ लागली. एकेका मागाशी उभी राहून कॉलेजातून आणलेल्या मीटरने आवाज मोजायची. केसांत कापूस, कानांना दडे बसलेले. कोपऱ्यातल्या एका मागाचा आकडा दर वेळी वेगळा यायचा.

"मधला धरते. चालेल," ती म्हणाली.

"चालेल म्हणजे काय? परत घे."

तिने परत घेतला, परत परत घेतला. जुळला नाही. तेव्हा तिने तसंच लिहून पाठवलं: या मागाचा आकडा का बदलतो, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही.

निवड जाहीर झाली त्या दिवशीही ती शेडमध्येच होती. काम पाठवून झालं होतं, पण तो कोपऱ्यातला माग तिला सोडवत नव्हता. घरी येऊन तिने फोन उघडला, आईसमोर धरला.

"मिळाली, आई! सगळ्यांत शेवटचं नाव माझं."

"शेवटचं का?"

"आई!"

"विचारलं फक्त," आई म्हणाली. मग तिला खाली बसवून केसांतला कापूस वेचत राहिली. काम सावकाश चाललं होतं, कारण नीट दिसत नव्हतं.