तळपायाचे फोटो

आपला तळपाय आपल्याला धड दिसत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं. देऊळघाटात शिलाईचं दुकान चालवण्यात जन्म गेला. गावाची मापं घेतली, पण स्वतःच्या पायाखाली बघायची वेळ कधी आली नव्हती.

शुगर निघाली तेव्हा गोळ्यांसाठी बुलढाण्याला जावं लागायचं आणि मी दर वेळी टाळायचो. आता गावातल्या उपकेंद्रातच तपासणी होते, गोळ्याही तिथंच मिळतात. तिथली सिस्टर मोठी खमकी. एकदा मला डोळे मिटायला लावून ती नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं तळपायाला कळतं का ते तपासत होती.

"कळते का काका?"

"हाव, कळते."

"काका, मी अजून दोरा टेकवलाच नाही."

मला हसू आलं, तिला नाही आलं. शुगरनं पाय बधिर झालेत, काही घुसलं तरी समजणार नाही, आणि जखम चिघळली तर पाय कापायची पाळी येते, असं तिनं तोंडावर सांगितलं. "रोज संध्याकाळी घरच्या कोणाले तरी तळपाय पाहाले लावत जा."

घरचं कोण राहिलं? बायको असती तर उजेडात पाय ओढून बसली असती, वर चार शब्द सुनावलेही असते. शेजाऱ्याला म्हणावं तर 'जरा माहे तळवे पाह्य बे' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आरशात पाहायला गेलो, तर कंबर धरली. ती दोन दिवस सुटली नाही.

शेवटी पोराला फोन केला. तो पुण्यात नोकरीला आहे, भाषाही आता तिकडचीच झाली त्याची. "बाबा, रोज फोटो पाठवा, मी बघत जाईन," म्हणाला. तेव्हापासून दिवेलागणीला खाटेवर बसून दोन्ही तळपायांचे फोटो काढायचे आणि पाठवायचे. थोड्या वेळानं त्याच्याकडून वर केलेला अंगठा यायचा. दिवसभरात आमचं बोलणं काय ते एवढंच. खोटं कशाला सांगू, त्या अंगठ्याची मी दुपारपासून वाट पाहायचो. फोटो मात्र स्वतः कधी उघडून पाहिले नाहीत. पाहणारा होता ना.

मधे एकदा मशीनची सुई तुटली. लोहचुंबक फिरवून पाहिला, टोक काही सापडलं नाही. पायडल मारताना चप्पल नकोशी वाटते, म्हणून दुकानात मी अनवाणीच असतो. सिस्टर त्यावरूनही भांडायची.

पुढच्या तपासणीला तिनं उजवा पाय हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. मग चिमट्यानं सुईचं टोक बाहेर काढलं. भोवती पू झाला होता. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"घरी पाहते ना कोणी?"

"पोरगा पाहते."

"मंग त्याले दिसलं नाही काऊन?"

तिनं जखम धुतली, डॉक्टरांना फोन लावून विचारलं, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. रोज पट्टीला आलात तर पाय वाचेल, म्हणाली.

घरी येऊन पहिल्यांदा ते फोटो उघडले. काळा ठिपका साफ दिसत होता. आधी नुसता ठिपका, मग लाली, मग सूज. प्रत्येकाखाली अंगठा. असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावा. त्या संध्याकाळी मी फोटो पाठवलेच नाहीत.

तर त्याचाच फोन आला. किती महिन्यांनी स्वतःहून आला होता.

"बाबा, आज फोटो नाही आले?"

शिवी अगदी ओठावर आली होती. पण बोललो आणि अंगठा यायचाही बंद झाला तर, याची मला पायापेक्षा जास्त भीती वाटली.

"आज सिस्टरनंच पाहिले पाय," मी म्हणालो.

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मी रोज नीट बघतो हो. तुम्ही काळजी करू नका."

"माहीत आहे मले."

उजवा पाय सिस्टरनं रोज पट्टी करून वाचवला. पट्टी सुटेपर्यंत मी पोराला डाव्या पायाचेच दोन-दोन फोटो पाठवले. रोज अंगठा आला.