शेवटचे वीस यार्ड

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला, तांजोंग पगारच्या एका ऑफिसात प्रोग्रामर होते. नवरा जहाजावर इंजिनिअर, महिनोन्महिने समुद्रात. शनिवारी अर्धा दिवस काम झालं की पासिर रिसच्या रिकाम्या फ्लॅटवर परतणं जिवावर यायचं. म्हणून एकदा ऑफिसच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा सराव बघायला मैदानावर गेले आणि तिथलीच झाले.

आमचा खेळ तसा सौम्य. बायका-पुरुष एकत्र खेळायचे आणि कुणी कुणाला आडवं पाडायचं नाही. कमरेला खोचलेली कापडी पट्टी ओढली की धावणारा थांबला. लांबुडका चेंडू फेकत, झेलत पुढे न्यायचा आणि गोलरेषा ओलांडायची, किंवा रेषेपलीकडे झेलायचा, की सहा गुण. चार प्रयत्नांत जमलं नाही तर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या वीस यार्डांना रेड झोन म्हणतात. आमची टीम तिथवर मोठ्या थाटात जायची आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायचं.

आमचा अमेरिकन मॅनेजर हाच कोच. त्याच्याकडे उपाय एकच, आणखी जोरात पळा. चार शनिवार मी गप्प बसले, आणि एवढं गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पाचव्या शनिवारी म्हटलं, "पुढे जागाच संपल्यावर जोर काय कामाचा?"

"मग काय करायचं?"

"मला शिकवू दे. मी कॉलेजात खो-खो खेळलेय."

खो-खो म्हणजे काय ते मी त्याला गवतावर बसून, उठून, पळून दाखवलं. तो पोट धरून हसला, पण माणूस दिलदार होता. "शेवटचे वीस यार्ड तुझे," तो म्हणाला. "पुढच्या मॅचपुरते. नाही जमलं तर पुन्हा माझे." मला आकाश ठेंगणं झालं. परक्या देशात पहिल्यांदाच कुणी मला काहीतरी शिकवायला सांगितलं होतं, आणि ते मला काही केल्या हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

मी सगळ्यांना पिदडलं. बसल्या जागेवरून झटक्यात उठायचं, एक दिशा धरायची, मागे वळायचं नाही. चेंडू फेकायची ती अकाउंट्समधली चिनी मुलगी. तिचा हात असा की चेंडू सांगाल त्या खांद्यावर येऊन पडायचा. ती सिंगापुरी 'लाह' जोडून कुरकुरायची, "आम्ही काय बेडूक आहोत, लाह?" पण सराव चुकवायची नाही.

मॅचच्या दिवशी पहिल्या अर्ध्यात आम्ही दोनदा रेड झोनमध्ये पोचलो आणि दोन्ही वेळा हात हलवत परतलो. आमची माणसं सरळ धावत जायची आणि समोरचे गोलरेषेवर निवांत उभे राहून त्यांना गाठायचे. मध्यंतरात मॅनेजर म्हणाला, "आता मीच सांगतो." मला राग आला, पण तो माझाच. कारण तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला होता. खो-खोत मी पाठलाग करणारी. उठून एक दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही, हा नियम माझ्या हाडीमांसी खिळलेला. तोच मी यांना शिकवला होता. पण इथे पाठलाग समोरचे करत होते! आमची माणसं पळणाऱ्यांच्या जागी होती, आणि पळणाऱ्याला हवं तेव्हा वळता येतं. हुलकावणीवरच तर तो जगतो.

"एक संधी दे," मी म्हटलं. "फक्त एक." मॅनेजरने नुसते खांदे उडवले. मी टीमला गोळा करून भराभरा सांगितलं, "रेषा ओलांडेपर्यंत जीव खाऊन पळा, मग एकदम थांबा आणि मागे वळा. चेंडू तुम्ही वळायच्या आधीच फेकणारीच्या हातातून सुटलेला असेल."

शेवटची काही मिनिटं उरली होती. आम्ही सहा गुणांनी मागे, पुन्हा रेड झोनमध्ये. तीन प्रयत्न मॅनेजरने त्याच्या पद्धतीने घालवले. चौथ्याला त्याने पुन्हा हात वर करून सरळ पळण्याची खूण केली. चेंडू घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं बोट मागे वळवून दाखवलं. तिने मान हलवली.

चेंडू सुटला तेव्हा आमचा माणूस पाठमोरा पळत होता. रेषेपलीकडे तो गपकन थांबला आणि वळला. त्याला गाठायला धावणारे दोघे तसेच पुढे निघून गेले. चेंडू थेट त्याच्या छातीवर आला आणि त्याने तो कवटाळला.

मी नाचले. ऑफिसातल्या वीस माणसांसमोर पदर खोचल्याचा आव आणून, ट्रॅकपँटमध्ये, फुगडीला साथीदार नसताना नाचले. बरोबरी झाली होती. आता जादा गुणासाठी एकच प्रयत्न होता. मॅनेजर माझ्याकडे आला. रागावला असेल म्हणून मी नाचायची थांबले.

"आता काय करायचं, कोच?" त्याने विचारलं.

खरं तर पुढचं मी काहीच ठरवलं नव्हतं. पण सगळी टीम माझ्याकडे बघत उभी होती, तोही त्यांच्यातच.

"पुन्हा तेच," मी म्हटलं, आणि ते सगळे आपापल्या जागेवर धावत गेले.