अप्पा एकटेच परतले

मीरा, आदित्य, परवा मीराच्या कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचचा व्हिडिओ पाहिला. बॉलचा तो धपधप आवाज ऐकून आमचं सोलापूरचं मैदान आठवलं, म्हणून लिहायला बसले.

माझी मैत्रीण महादेवी आमची कप्तान होती. रेल्वेच्या संघाने तिला निवड चाचणीला बोलावलं होतं. पण तिचं लग्न ठरवायचं म्हणून तिचे अप्पा अक्कलकोटहून तिला न्यायला आले. मी राखीव खेळाडू होते. मॅच संपेपर्यंत ते माझ्याशेजारी तापलेल्या मुरमावर रुमाल अंथरून बसले.

"पोरी, बॉल धरून सरळ पळत का न्हाईत?"

"नियम आहे काका, आपटतच न्यायचा."

"आन् धरून पळाली तर?"

"बॉल समोरच्यांना."

थोड्या वेळाने ते एकदम उठून पंचांवर ओरडले, "ओ मास्तर, ती समोरची धरून पळाली की! दिसत न्हाई व्हय?"

अख्खं मैदान हसलं, पण शिट्टी वाजली.

संध्याकाळी महादेवीला "चाचणी देऊन ये, मग बघू," एवढंच म्हणून ते एकटेच परतले. ती रेल्वेकडून पुष्कळ वर्षं खेळली.

तेव्हा मला वाटलं, खेळाने त्यांना जिंकलं. आता वाटतं, मुलीला हो म्हणायला ते निमित्तच शोधत होते की काय?

महादेवी हल्ली हुबळीला असते. तिचे गुडघे थकले आहेत. आमची मैत्री अजून आहे.