पुलेंगचं भादरलेलं डोकं

मापुलेंग म्हणजे पुलेंगची आई. तिचं माहेरचं नाव गावात कुणाला ठाऊक नाही. मी शेजारीण, मलाही नाही. आमच्या माफेटेंग गावच्या बसथांब्यावर ती मक्वेन्या तळते, पिठाचे फुगलेले गोळे. बाई फटकळ. गोळे शिळे तर नाहीत ना, असं विचारलंत तर झारा घेऊन अंगावर येईल. नवरा थेको सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत आहे.

पुलेंग सहा वर्षांची, स्वमग्न. उशिरा का होईना, बोलायला लागली होती: पाणी, शेळी, आई. मग हिवाळ्यात ती मधूनच थिजायला लागली. घास तोंडात, डोळे उघडे, आणि आत कुणीच नाही. शब्दही जायला लागले. आधी शेळी गेली, मग पाणी. उरली ‘आई’, तीही अडखळत.

राजधानीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत हिच्या मेंदूतली वीज सैरावैरा धावते का ते बघू, डोक्याला तारा चिकटवून. आता मोठ्या दवाखान्यात जायचं तर पोर नटवायला नको? दोन बायकांनी पोरीला धरलं, मापुलेंगने घट्ट वेण्या घातल्या, वर व्हॅसलीन चोपडलं. दवाखान्यात तारा चिकटेनात. “केस मोकळे करून, धुऊन आणा,” असं सांगून त्यांनी पुढची तारीख दिली.

पण त्या वेण्यांपासून पुलेंग डोक्याला बोट लावू देईना. सहन व्हायची ती फक्त न्हाव्याची मशीन. तिची गुणगुण ऐकत ती त्याच्या दारात बसून राहायची. मापुलेंग मशीन मागून घेऊन आली, तशी सासू माथेको दारात आडवी बसली. आमच्यात डोकं भादरतात ते घरातलं माणूस मातीत गेल्यावर.

“तुझा नवरा जमिनीखाली आहे. जिवंतपणीच त्याचं सुतक धरतेस?”

“तो रोज खाली जातो आणि रोज वर येतो, आई. हिचं जे जातंय ते परत येत नाही.”

“जीभ बघा बाईची. त्या कढईत तळ ती.”

“तळते. आधी वाट सोडा.”

तिने पोरीचं डोकं भादरलं. सकाळी मायलेकी बसथांब्यावर गेल्या, तेव्हा बायकांनी माना खाली घातल्या. भादरलेलं डोकं दिसलं की आमच्याकडे कोण गेलं ते विचारत नाहीत. या खेपेस तारा चिकटल्या. पोर झोपली, आलेख निघाला.

संध्याकाळी त्या परतल्या, तर अंगण गच्च भरलेलं. बायका घोंगड्या पांघरून, पापा म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची पातेली घेऊन आलेल्या. घरात विधवेसाठी जमिनीवर गादी अंथरलेली. थेकोचा फोन लागेना म्हणून सासू ऊर बडवत होती. मला खरं ठाऊक होतं, तरी तिच्या रडण्याने माझाही धीर सुटला होता.

“थेको बरा आहे,” मापुलेंग म्हणाली. “आत्ताच खाणीतून वर आला, बोलले मी त्याच्याशी.”

बायका ओशाळल्या. पातेली उचलायला लागल्या.

“बसा,” ती म्हणाली. “झोप लागली की हिच्या डोक्यात रात्रभर वादळ चालतं म्हणे. ते थांबवायला औषध दिलंय. गेलेलं परत येईल की नाही, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही.” मग पोरीला घेऊन ती त्या गादीवर बसली. “बसमध्ये सारखी विचारत होते, मी कोण, मी कोण. ही नुसती बघते. ‘आई’ही गेली.”

कुणीही उठलं नाही.