बोदलकशाचा समुद्र

माझ्या पहिल्या कादंबरीतल्या समुद्राचं कौतुक झालं की मी गप्प बसते. कोकणातले वाचक भेटतात आणि म्हणतात, "बाई, वाचताना खारं वारं अंगाला लागतं हो!" आता त्यांना काय सांगू? ते वारं बोदलकशाच्या तलावावरचं आहे, आणि त्यात मीठ नावालाही नाही.

समुद्र मी पाहिलाच नव्हता असं नाही. माझं माहेर अलिबागच्या खाली, ऐन किनाऱ्यावर. परसात सुरूची झाडं, त्यापलीकडे पुळण आणि मग नुसतं पाणी. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारच्या उपासनेत भरतीचा आवाज इतका चढायचा की पाळकसाहेबांना उपदेश मध्येच थांबवावा लागे. मग आई माझ्या कानाशी म्हणायची, "थांब, आता तो बोलतोय." लहानपणी मला खरंच वाटायचं की देव आणि समुद्र एकाच आवाजात बोलतात. ते अजूनही पुरतं गेलेलं नाही.

लग्न होऊन आले ती तिरोडा स्टेशनावर उतरले. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता, सगळं भंडाऱ्यातच होतं. आणायला सासरे स्वतः बंडी, म्हणजे बैलगाडी, जुंपून आले होते. सासऱ्यांना इकडे मामाजी म्हणतात. वाटेत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनच जंगल, आणि मी पदराआड मुसमुसत होते. मामाजींनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बैलांना बोलावं तसं समोर बघत म्हणाले, "रडू नको बाई. आमच्याकडं बी समुद्र हाय."

चढ संपला आणि बोदलकशाचा तलाव दिसला. डोंगरांच्या कुशीत, शांत, एका नजरेत मावणारा. मला रडता रडता हसू फुटलं. "हा समुद्र?"

"शास्त्रातला समुद्र बी एवढाच होय," मामाजी म्हणाले. "गोऱ्या साहेबानं सांगतलं मले. तलावच होय तो."

मला वाटलं, सुनेची समजूत काढताहेत. शास्त्र म्हणजे बायबल, आणि त्यातला गालीलचा समुद्र खरोखरच तळं आहे हे मला पुष्कळ वर्षांनी नकाशात दिसलं. तोवर त्या वाक्यावरून मी त्यांना चिडवून घेतलं ते घेतलंच.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. बाकी सगळे पवार शेतकरी, आणि तलावाच्या अंगाला ढिवरांची टोली. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे. आमच्या घरात मामाजी, हे आणि मी. सासूबाई माझ्या येण्याआधीच गेल्या होत्या. हे गावच्या शाळेत मास्तर आणि मामाजी मिशनचे प्रचारक. त्यांनी पायाखाली न घातलेलं एकही गाव त्या भागात नव्हतं. माणूस उंच, काळा, खरखरीत. बोलणं तर असं की पाहुण्याला वाटावं भांडण चाललंय. पण चुलीपुढे माझे डोळे धुराने भरले की गुपचूप वाळकी लाकडं आणून ठेवणारेही तेच.

मी लिहायला लागले ती माहेरच्या आठवणीने. दुपारी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसायचं आणि आठवेल तेवढा समुद्र कागदावर उतरवायचा. त्यात एक कोळी आला, त्याची बायको आली, आणि बघता बघता त्याची कादंबरी व्हायला लागली. सुरुवातीची पानं मुंबईच्या एका प्रकाशकांना धाडली. पुरी करा, छापतो, असं त्यांनी कळवलं. मी हरखून गेले, आणि घोडं अडलं ते तिथेच.

मामाजींनी विचारलं, "हा कोळी कोन? तुह्या गावचा?"

"नाही मामाजी. असा कोणी नाही. मी मनाने रचलाय."

"नाई तं मंग कायले लिहून राहिली? जे झालंच नाई ते झालं म्हून सांगनं म्हंजे खोटी साक्ष. दहा आज्ञा पाठ हायेत ना तुले?"

मी हसून बघितलं, चिडून बघितलं. मामाजी ढिम्म. हे म्हणाले, "लिही तू, मी समजावतो त्यांना." पण हे त्यांना काय समजावणार? वडिलांसमोर यांची बोबडी वळायची. चोरून लिहिणं मला जमलं नसतं असं नाही, पण मला ते नको होतं. ज्या माणसाने मला या मुलखात आपलं केलं, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्याच्या तोंडी माझं नाव असायचं, त्याच्या लेखी पाप ठरलेलं पुस्तक मी छापायचं कसं? मामाजी हो म्हणतील तरच कादंबरी मुंबईला जाईल, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं आणि मग कुढत बसले.

खरं सांगायचं तर कादंबरीही रुसली होती. समुद्राची पानंच्या पानं झाली होती. भरती, ओहोटी, उधाण, सगळं बरोबर. पण वाचलं की भूगोलाच्या पुस्तकासारखं लागायचं.

आठवड्यातून एकदा मामाजी ढिवरटोलीत गोष्ट सांगायला जात. त्यांचा गळा फाटका, म्हणून भजन म्हणायला मला नेत. इतक्या वर्षांत टोलीतलं एकही माणूस ख्रिस्ती झालं नव्हतं, पण गोष्ट कोणी चुकवत नसे. त्या दिवशी दिवस मावळताना आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलो होतो. समोर जाळी वाळत पडलेली, बायका मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. मामाजींनी वादळाची गोष्ट काढली. प्रभू शिष्यांबरोबर नावेत बसतात, झोपी जातात, वादळ सुटतं आणि ते वाऱ्याला दटावतात, ती.

शास्त्रात ती आठ-दहा ओळींची आहे. मामाजींनी ती अर्धा तास सांगितली. त्यांच्या गोष्टीत नावेचा डोंगा झाला. प्रभूंच्या डोक्याखाली तणसाची उशी आली, धानाच्या पेंढ्याची, कारण "थकलेल्या मानसाले तणसावर जशी झोप लागते तशी गादीवर नाई लागत." आणि पाळीवर एक म्हातारी आली. शिष्यांतल्या एकाची सासू. ती छाती पिटत ओरडत होती, "अरे पोट्टेहो, आभाळ पाहून तं जात जा! पोरगी माही घरी वाट पाहून राहिली!"

मी बायकांकडे पाहिलं. एकीने मांडीवरचं पोर घट्ट धरलं होतं. दुसरी गोष्ट ऐकता ऐकता पाण्याकडे बघत होती. तिचा नवरा अजून तलावात होता. तेव्हा माझं काय चुकत होतं ते मला लख्ख कळलं. माझ्या कागदांवर समुद्र होता, पण काठावर कोणी उभं नव्हतं.

परतताना मी आनंदात होते, म्हणून जीभ सैल सुटली. "मामाजी, तणसाची उशी शास्त्रात कुठे आहे हो?"

"उशी हाय."

"उशी आहे. तणस?"

मामाजींनी पाय उचलले.

"आणि ती सासू?"

"ते सासू शास्त्रात दुसऱ्या ठिकाणी हाय. तापानं पडली राहते."

"वादळात आहे का?"

ते थांबले. "नाई," म्हणाले. "पन कोनी तं असंलच ना पाळीवर! बारा घरचे मानसं पान्यात, आन् काठावर कोनी नाई, असं होते का कोठी?"

"मामाजी," मी म्हटलं, "माझा कोळीही असाच आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता काठीच उगारतात. मग झपाझप पुढे निघून गेले. पुढचे काही दिवस घरात बोलणं नाही. भाकरी वाढली की खाली मान घालून खायची आणि उठायचं. हे मला म्हणाले, "कशाला डिवचलंस? तीस वर्षांचा प्रचार गेला की एका तणसाच्या उशीत." मलाही वाईट वाटत होतं, पण हात थांबत नव्हता. दुपारभर मी लिहीत होते. कोळ्याची बायको आता पुळणीवर उभी होती. तिचे पाय टोलीतल्या त्या बाईचे होते, नजर तिचीच होती. वारा मी तलावावरून सपरीत येणारा घेतला.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर मामाजी सपरीत खाटेवर बसले, कंदील जवळ ओढला आणि म्हणाले, "वाच."

"काय वाचू?"

"तेच. तुहं खोटं."

मी वाचलं. रोज प्रार्थनेआधी एक प्रकरण, असा पायंडा पडला. मामाजी डोळे मिटून ऐकत. मधूनच "समुद्राच्या मासोळीले काटे लय राहतात का?" असं काहीतरी विचारत. बरं-वाईट काही म्हणत नसत. हो नाही, नाहीही नाही.

मग ते प्रकरण आलं. वादळाची लक्षणं दिसत असताना कोळी होडी लोटतो, आणि बायको काठावर उभी राहते. वाचून झालं. आम्ही गुडघे टेकले. मामाजींनी नेहमीसारखी प्रार्थना केली. आजाऱ्यांसाठी, प्रवासातल्यांसाठी, राज्य करणाऱ्यांसाठी, यांच्यासाठी, माझ्यासाठी. आणि आमेनच्या आधी थांबून म्हणाले, "आन् देवबापा, त्या समुद्रात गेलेल्या मानसाले सुखरूप घरी आन. त्याची बायको वाट पाहून राहिली."

मी डोळे उघडले. हे ओठ दाबून हसत होते. मला हसू आलं नाही. पुढचं प्रकरण लिहून तयार होतं आणि त्यात मी त्या कोळ्याला बुडवलं होतं.

ते मी वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बसून कोळ्याच्या गावातलं एक लग्न लिहिलं. मग मासळीच्या वाट्यावरून झालेलं भांडण लिहिलं. मग जत्रा. रोज संध्याकाळी मी नवीन प्रकरण वाचायची आणि रोज मामाजी त्या माणसासाठी देवाजवळ भीक मागायचे. कादंबरीचा मधला भाग रेंगाळतो, असं पुढे एका समीक्षकांनी लिहिलं. बरोबरच आहे त्यांचं. पण रोज प्रार्थना होत असलेल्या माणसाला बुडवून दाखवा म्हणावं त्यांनी!

शेवटी मामाजीच वैतागले. "आता कायची जत्रा? तो अजून कसा नाई आला? येवढे दिवस पान्यात कोनी राहते का?"

मी कागद खाली ठेवले. "मामाजी, तो येत नाही. तो बुडाला."

मामाजींनी कंदिलाची वात खाली केली. मग हळूच म्हणाले, "केव्हा?"

"त्याच दिवशी."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. ते थकलेले, म्हातारे दिसायला लागले. मला त्यांची इतकी माया आली की पुस्तक, प्रकाशक, सगळं गेलं चुलीत असं वाटलं. मी म्हटलं, "मामाजी, माझ्या हातात आहे ते. मी त्याला परत आणते. एक पान बदललं की झालं."

मामाजींनी मान वर केली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काऊन?" ते म्हणाले. "आता खोटं लिवशील?"

मामाजी खाटेवरून उतरले, भिंतीला धरून गुडघे टेकले, आणि त्या दिवशी आजारी, प्रवासी, राज्यकर्ते सगळे मागे राहिले. पहिली प्रार्थना त्या बाईसाठी झाली. "तिले धीर दे. तिच्या लेकरायले खायले दे. तिच्यापाशी कोनी नाई, तूच हायेस."

कादंबरी मी मुंबईला पाठवून दिली. पोस्टात टाकायला मामाजीच तिरोड्याला गेले. ती छापून आली तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. पुस्तक त्यांनी नुसतं हाताने चाचपलं आणि शास्त्राशेजारी ठेवायला सांगितलं. ते गेले तोपर्यंत ती समुद्रकाठची बाई रोजच्या प्रार्थनेत होती, आजाऱ्यांच्या नंतर आणि प्रवासातल्यांच्या आधी.

मामाजींच्या मागे प्रार्थना यांच्याकडे आली. पहिल्या संध्याकाळी हे आजाऱ्यांसाठी बोलले आणि प्रवासातल्यांकडे निघाले. मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं, आणि त्या बाईसाठी मी बोलले. तिचा नवरा मी नेला होता. निदान एवढं तरी मला करायलाच हवं होतं.